विहिरीत सापडलेला खिलजी

मी परभणीच्या एका शाळेत इतिहास शिकवायचो आणि शाळा सुटली की लोकांची जुनी नाणी तपासून द्यायचो. हे दुसरं काम मला कोणी दिलेलं नव्हतं. ज्या कामावर कोणी नेमत नाही, ज्याची परीक्षा नसते आणि ज्यावरून कोणी काढूनही टाकू शकत नाही, त्यात माणूस फार लवकर तज्ज्ञ होतो. मी एका दिवाळीच्या सुट्टीत झालो.

माझी पद्धत पक्की होती. नाणं आधी चिंचेच्या कोळानं लख्ख घासायचं. जुनं नाणं घासणं म्हणजे पाप, हे मला पुढं कळलं; तोवर निम्म्या तालुक्याची नाणी मी चकचकीत करून ठेवली होती. मग भिंगातून बघायचं. बघताना एकदा ‘हं’ म्हणायचं. या ‘हं’ला फार महत्त्व. समोरच्याचा जीव वरखाली व्हायला पाहिजे. त्यानंतर शाळेतून मागून आणलेल्या टाइपरायटरवर एक चिठ्ठी छापायची, त्यावर राजाचं नाव, साल आणि दर्जा. नाणं आणि चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून कडा बंद करायच्या. आमच्या गल्लीतला किराणावाला शेंगदाण्याच्या पुड्या बंद करी तशाच, करवतीच्या पात्यात कड धरून मेणबत्तीवरून फिरवायची. शेवटी वर लाख वितळवून तिच्यावर मोहर. मोहर म्हणजे माझी साखरपुड्याची अंगठी. बायको म्हणायची, “साखरपुड्यात दिलेल्या वस्तूचा एवढा उपयोग अख्ख्या खानदानात कुणी केला नसंल.”

चुका होत नव्हत्या असं नाही. कापसाच्या जिनिंगमधल्या हमालाचा झिजलेला पितळी बिल्ला मी सातवाहनांच्या काळात नेऊन बसवला होता. पण गिऱ्हाईक खूश होतं. त्यानं ते पाकीट चौकटीत घालून भिंतीवर लावलं. आता भिंतीवरचा सातवाहन मी कशाला खाली उतरवू?

दरवर्षी माघाच्या आसपास परभणीत उरूस भरतो. मिठाईच्या आणि बांगड्यांच्या दुकानांच्या रांगेत मी एका टेबलाएवढी जागा मिळवली आणि पाटी लावली : ‘जुनी नाणी तपासून, दर्जा ठरवून, पाकीटबंद मिळतील’. तिथंच तो शेतकरी आला. बोरीच्या पलीकडच्या एका खेड्यातला. “जय भीम, सर,” म्हणाला आणि धोतराच्या सोग्यातून एक चांदीचा रुपया काढून टेबलावर ठेवला. जाड, ओबडधोबड, दोन्हीकडून फारसी अक्षरं. थोडकी कोरडवाहू जमीन होती त्याची. सरकारी योजनेत विहीर मंजूर झाली होती. घरचीच माणसं खोदत होती, आणि कमरेएवढं खोदल्यावर टिकावाला हे लागलं होतं.

मला फारसी येत नव्हती. आकडे मात्र येत होते, निजामाच्या काळातल्या मैलांच्या दगडांवरून शिकलेले. अक्षरांच्या गर्दीत मला चार आकडे दिसले. एक, दोन, नऊ, चार. बाराशे चौऱ्याण्णव! मी भिंग पुसून पुन्हा बघितलं. अलाउद्दीन खिलजीची देवगिरीवरची स्वारी मी वर्गात ज्या सालाखाली वर्षानुवर्षं पाठ करून घेत आलो होतो, नेमकं तेच साल.

मी ‘हं’ म्हणालो. मग आणखी एकदा म्हणालो.

“काय निघालं, सर?”

“दादा,” मी म्हणालो, “तुमच्या शेतातून खिलजीचं सैन्य गेलंय.”

त्यानं दोन्ही हात जोडून नाण्याकडं बघितलं. मी चिठ्ठीवर छापलं : ‘अलाउद्दीन खिलजी. देवगिरीची स्वारी. सन १२९४. अस्सल. दर्जा उत्तम.’ लाख नेहमीपेक्षा जास्त ओतली. त्या दिवशी घरी जाताना माझी चाल बदलली होती, असं बायको अजून सांगते.

उरूस संपून बरेच दिवस झाले होते. एका रविवारी सकाळी तो शेतकरी माझ्या दारात उभा. या वेळी जय भीम झाला, पण मागून हसू आलं नाही.

“सर, माझी विहीर बंद पाडली.”

“कोणी?”

“तुमीच.”

मी त्याला आत घेतलं. आत माझे सासरे चहा पीत बसले होते. निजामाच्या काळात ते कोर्टात न्यायाधीशापुढं कागद मांडणारे पेशकार होते. सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. जावयाला मान द्यायची त्यांची रीत अशी की, अपमानसुद्धा ‘बापू’ लावून करायचे. ते सरकून बसले आणि शेतकऱ्यानं सगळं सांगितलं.

त्यानं ते पाकीट गावात हौसेनं दाखवलं होतं. शेजारच्या रानात एक बडे बागायतदार, त्यांची जुनी विहीर याच्या बांधाला लागूनच. नवी विहीर झाली तर आपला झरा तुटेल, ही त्यांची भीती साऱ्या गावाला माहीत होती. माझी चिठ्ठी त्यांनी चावडीत मोठ्यानं वाचून घेतली आणि म्हणाले, “खिलजी काय ढेकळं लुटायला आलता? तो आला म्हंजे तिथं देऊळ असणार. देवाच्या जागेत विहीर खांदू देणार न्हाई.” तहसिलीत अर्ज गेला. तलाठ्यानं येऊन, वरून हुकूम येईपर्यंत काम थांबवायला सांगितलं. आणि मार्चअखेर विहिरीचं मोजमाप झालं नाही तर योजनेतलं याचं नाव जाऊन दुसऱ्याचं लागणार होतं.

माझ्या स्वभावाप्रमाणं मी आधी चिठ्ठीची बाजू घेतली. “पण दादा, विचार करा, तुमच्या विहिरीखाली केवढा इतिहास आहे!”

“इतिहास असू द्या की सर. त्याच्याखाली पाणी हाय का, ते बगू द्या.”

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. “बघू बरं ते पाकीट.” त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं. “जावईबापू, हे कोणत्या विद्वानानं बंद केलं?”

“मीच.”

“वाटलंच. मेणबत्तीचं काम सुबक आहे.” मग उजवीकडून डावीकडं बोट फिरवत त्यांनी वाचलं, “निजाम-उल-मुल्क, आसफजाह बहादूर. हा हैदराबादचा रुपया आहे, बापू. हाली सिक्का. आमच्या आजीच्या ट्रंकेत असले मूठभर होते.”

“पण साल? साल तर बाराशे चौऱ्याण्णवच आहे ना?”

“आहे ना. हिजरी. इंग्रजी अठराशे सत्याहत्तर. तुमचा खिलजी काय मिशनच्या शाळेत शिकला होता, नाण्यावर इसवी सन घालायला?”

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. नंतर कळलं, बायकोच्या हातातली गाळणी. ती हसत खाली बसली होती.

“पावणेसहाशे वर्षं मागं नेलात बिचाऱ्या रुपयाला,” सासरे म्हणाले. “एस.टी.सुद्धा एवढी मागं जात नाही.”

शेतकरी आळीपाळीनं आम्हा दोघांकडं बघत होता. “म्हंजे खिलजी आलाच न्हाई?”

“आला होता,” मी म्हणालो. “तुमच्या शेतात नाही आला.”

“मग तसं लिवून द्या.”

मी लगेच लिहून दिलं. चूक करताना माझा हात थरथरत नाही, मग दुरुस्त करताना कशाला थरथरेल? नवी चिठ्ठी छापली, वर लाल शाईनं ‘दुरुस्त’ असं लिहिलं, आणि आम्ही दोघं त्याच दिवशी एस.टी.नं गावाला निघालो. तज्ज्ञानं लावलेलं लेबल तज्ज्ञानं काढलं की विषय संपतो, अशी माझी ठाम समजूत होती. असल्या समजुती आयुष्यभर माझ्याच वाट्याला का येतात, याचा शोध मी अजून लावतोय.

चावडीत बागायतदार बसलेले होते, तलाठीही होता. मी उभा राहून स्वच्छ आवाजात सांगितलं, “माझी चूक झाली. हे नाणं निजामाचं आहे. साल हिजरी आहे. देऊळबिऊळ काही नाही. विहीर खोदायला हरकत नाही.”

मग बागायतदार फार मायेनं म्हणाले, “बसा, सर. पाणी घ्या. तुमच्यावर कुणी दबाव आनला का?”

“कोणी नाही. मी चुकलो.”

“कामून चुकाल? तुमी शिकलेले मानसं. आधी लिवलेलं चूक म्हन्ता, मग आता लिवलेलं बरोबर कशावरून?”

मी तलाठ्याकडं बघितलं. तो भला माणूस होता, पण त्याच्या हातात आम्ही दाखवायला दिलेलं माझं पहिलं पाकीट होतं, आणि त्यावर अंगठ्याएवढी लाख होती. “सर, ह्यावर ‘अस्सल’ छापलंय,” तो म्हणाला. “त्यावर नुसतं ‘दुरुस्त’. मोहर पण न्हाई.”

घाईत मी मोहर करायची विसरलो होतो.

मागून कोणीतरी बोललं, “आधी इद्यापीठाचं नाव बदला म्हनले, आता रुपयाचं बी नाव बदलायलेत!” चावडी हसली. नामांतराचा प्रश्न तेव्हा गावोगाव असाच तापलेला होता. कुठल्या शब्दावर तो पेटेल ते सांगता यायचं नाही.

शेतकरी दारात उभा होता. तिथूनच तो म्हणाला, “नाव बदलल्यानं तुमचं काय जातं, ते अजून कुणी सांगितलं न्हाई. माजी विहीर गेली तर माजं काय जातं, ते म्या सांगतो. ऐकता का?”

कोणी ऐकलं नाही. आम्ही बाहेर आलो. तो मला फाट्यापर्यंत सोडायला आला. एस.टी. दिसली तेव्हा म्हणाला, “सर, तुमच्या चिठ्ठीचं सगळ्यास्नी खरं वाटतं. एका तुमचंच खोटं वाटतं.”

परतीच्या प्रवासात हे वाक्य माझ्या शेजारच्या सीटवर बसून आलं. पण मी काही पडेल चेहऱ्याचा माणूस नव्हे. अर्ध्या वाटेवर मला वाटलं, चिठ्ठीचं लोकांना खरं वाटतं ना? मग चिठ्ठीच वाटू. जी युक्ती मला तिथं सुचली ती माझी स्वतःची आहे. सासरे म्हणायचे, ती त्यांनी रात्री जेवताना सांगितली. आम्ही दोघांनी या बाबतीत मरेपर्यंत माघार घ्यायची नाही असं ठरवलं, आणि त्यांनी आपला शब्द पाळला.

आमच्याकडं प्रत्येक घरात एक जुना चांदीचा रुपया असतो. लक्ष्मीपूजनाचा. तो खर्चायचा नाही, मोडायचा नाही, दिवाळीखेरीज बाहेर काढायचा नाही. हळद-कुंकवानं माखून पुन्हा डब्यात. वाटण्या झाल्या, घरं फुटली, तरी तो कोणाकडं गेला हे सगळ्यांना ठाऊक असतं. असे रुपये हौसेनं बाहेर काढायला लावायचे कसे? शेतकऱ्याला मी निरोप दिला, “रविवारी येतो. फाट्यावरच्या हॉटेलात एवढंच सांगा की, सर जुने रुपये फुकट तपासून पाकीटबंद करून देणार. आणि बजावून सांगा, बागायतदारांना कळू देऊ नका.”

रविवारी मी चावडीत सतरंजीवर दुकान मांडलं. भिंग, टाइपरायटर, प्लास्टिक, मेणबत्ती, लाख. तलाठी वसुलीसाठी आलेलाच होता, त्याला शेजारी बसवून घेतलं. पहिले आले ते बागायतदार. सोबत त्यांची म्हातारी आई, हातात पितळी डबी घट्ट धरून.

“सर, आमचा बी बगा,” बागायतदार म्हणाले. आवाजात आजही माया होती, पण या वेळी खरी. “ह्याच्या शेतात खिलजी आला तर आमच्या वाड्यात कामून येनार न्हाई?”

म्हातारीनं डबी उघडली. मी तो रुपया भिंगाखाली धरला आणि ‘हं’ म्हणालो. माझ्या आयुष्यातला सर्वांत प्रामाणिक ‘हं’ तो. तीच अक्षरं, तीच घडण. फक्त शेवटचा आकडा चारऐवजी सहा. एव्हाना चावडी भरली होती. एकेक जण लुगड्याच्या पदरातून, बंडीच्या खिशातून आपली लक्ष्मी काढून देत होता. मी सगळे रुपये सतरंजीवर एका रांगेत मांडले आणि मधोमध शेतकऱ्याचं पाकीट ठेवलं. बघणाऱ्याला फारसी यायची गरज नव्हती. एका आईची लेकरं होती ती.

“कोनता दर्जा लागला आमचा?” बागायतदारांनी विचारलं.

“मालक, दर्जा उत्तम. आता तुम्हीच सांगा, चिठ्ठीवर काय छापू? खिलजी म्हणत असाल तर खिलजी छापतो. मोहर पण मारतो, या वेळी विसरणार नाही. पण मग तलाठीसाहेबांना तुमच्या घराची नोंद करावी लागेल. खिलजी आला म्हणजे तिथं देऊळ असणार, हे तुमचंच म्हणणं. आणि देवाच्या जागेत तुमचा नवा गोठा उभा राहतोय. तोही थांबवावा लागेल. ह्यांचं घर, त्यांचं घर, ही रांग आहे तेवढी सगळी घरं.” मी एकेका रुपयावर बोट ठेवत गेलो. “निम्मं गाव खोदायला काढावं लागेल.”

रुपयांचे मालक एकमेकांकडं बघायला लागले. एका माणसानं आपला रुपया हळूच रांगेतून उचलून खिशात घातला.

तलाठ्यानं खरंच पेन काढलं. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. त्यालाही त्या विहिरीपायी तहसिलीला चकरा माराव्या लागत होत्या.

“आवं पन, हे दोन्ही सारकेच हायेत कशावरून?” बागायतदारांनी शेवटचा जोर लावला.

त्यांच्या आईला एवढं सगळं ऐकू आलं नसावं. पण आपल्या रुपयाबद्दल काहीतरी वावगं बोलणं चाललंय हे तिला कळलं. तिनं तो माझ्या हातातून ओढून घेतला. “सासूबाईनं दिल्ता मला हा, हळद लागली त्या दिशी. त्यायला त्यायच्या सासूनं दिल्ता. खिलजी कोन मेला? त्याचं नाव माज्या लक्ष्मीला लावायचं न्हाई, सांगून ठेवते.”

“मग कोणाचं लावू, आजी?”

“निजामाचा हाय तो. आमच्या टायमाला असलेच तर चालायचे. एवडं बी ठावं न्हाई का ह्या मास्तराला?”

चावडीत असा हशा उठला की बाहेरची जनावरं बिचकली. मीही हसलो. मला दुसरं काही करण्याजोगं राहिलंच नव्हतं. शेतकरी एकटा हसत नव्हता. तो बागायतदारांच्या तोंडाकडं बघत होता.

बागायतदारांनी आईला डबी मिटून दिली. मग म्हणाले, “लिवा, तलाठीसाहेब. निजामाचा, म्हना.”

“सगळेच?”

“सगळेच.”

“विहिरीतला बी?” शेतकऱ्यानं दारातून विचारलं.

“त्यो बी,” बागायतदार म्हणाले, आणि आईला हाताला धरून निघून गेले. जाताना त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की, मी पुढं कधी त्यांच्या गावात मुक्कामाला राहिलो नाही.

तलाठ्यानं ते लिहिलेलं तहसिलीत दिलं, अर्ज निकालात निघाला आणि काम पुन्हा सुरू झालं. शेतकरी, त्याची बायको आणि दोन भाऊ यांनी ते दिवस कसे काढले, ते मी बघितलं नाही. ऐकलं तेवढं पुरेसं होतं. सुरुंग लावायला माणूस मिळेना तेव्हा पहारीनं खडक फोडला. मोजणीवाला मार्च संपायच्या आत आला आणि टेप टाकून गेला. योजनेतलं नाव राहिलं. पण नाव राहणं वेगळं आणि पाणी लागणं वेगळं. मी भूगोलही शिकवायचो, म्हणून निरोप पाठवून भाकीत केलं होतं की, पश्चिमेच्या अंगानं झरा लागेल.

झरा लागला तो उत्तरेकडून. निरोप आला तसा मी गेलो. बागायतदारांच्या विहिरीचं पाणीही तिथल्या तिथं होतं. त्यांचा झरा निराळा निघाला. तळाशी गुडघाभर गढूळ पाणी साठलं होतं आणि शेतकऱ्याची बायको काठावर बसून पाण्याकडं एकटक बघत होती, जणू नजर हलली तर ते परत जाईल. त्यानं दोर सोडून बादली वर घेतली, थोडा वेळ निवळू दिली, मग तांब्या भरून माझ्यापुढं धरला.

“सर, बगा बरं. गोडं हाय का मचूळ?”

मी एक घोट घेतला. तोंडात घोळवला. गिळला.

“गोड आहे,” मी म्हणालो. “एकदम गोड.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातला तांब्या काढून घेतला आणि स्वतः पिऊन बघितलं.